सोमवारी संग्रहालय बंद असतं

सोमवारी संग्रहालय बंद असतं,
म्हणून सोमवार माझा.
नदीकाठी एकच रस्ता, दुतर्फा मेपल,
आणि अकरा घरं, ज्यांत आता माणसं राहत नाहीत,
फक्त खुर्च्या राहतात.

उजव्या हातात बकरीच्या केसांचा ब्रश,
डाव्या हातात व्हॅक्यूमची नळी, तोंडाला जाळी बांधलेली.
ब्रशने धूळ नुसती उठवायची,
नळीने ती अधांतरी झेलायची.
लाकडाला कळताही कामा नये.
चांदीच्या चहादाणीला हातमोजे लागतात.
आज उघडं बोट लागलं
तर ते वर्षभराने काळं उमटतं,
चुगली केल्यासारखं.

वरच्या खोलीत ओकची पेटी आहे.
ट्युलिप इतके दाट कोरलेत
की सुताराला रिकाम्या जागेची भीती वाटत असावी.
मधोमध दोन अक्षरं, लग्नाच्या मुलीची.
चादरी, उशांचे अभ्रे, विणलेले मोजे,
सगळं रुखवत हिच्यातून गेलं.
मुलीचं आडनाव बदललं.
पेटीचं बदलायला कोणाला सवड झाली नाही.

खालचा खण बाहेर काढून उलटा केला
आणि टॉर्च तिरका धरला
की खडूची बेरीज दिसते : सात आणि आठ, सोळा.
म्हणजे एक फळी जास्त कापली गेली.
ती गेली कुठे?
थंडीत जाळली? डुकरांच्या खुराड्याला ठोकली?
की मालकाने तीच पाठीत घातली?
बाहेर पाटीवर लिहिलंय : कारागीर अज्ञात.
मी ओळखते त्याला.
पोरगा होता, आणि हिशेबात कच्चा होता.

क्युरेटर एल्सवर्थ फिच चांगला माणूस आहे.
नाताळात मला मधाची बरणी देतो.
त्याच्या घराण्याच्या तीन खुर्च्या आणि एक घड्याळ इथे आहे.
आमच्या घरातलं इथे काही नाही.
माझे आजोबा पोलंडहून आले
ते याच लोकांच्या शेतात कांदे निंदायला,
गुडघ्यांवर, ओळीच्या ओळी.
त्यांची बादली अजून माझ्याकडे आहे,
बुडाला दोन ठिगळं, कडी तारेची.
इथेही बादल्या आहेत, तांब्याच्या,
पण त्या कधी विहिरीत उतरल्याशा वाटत नाहीत.

जिन्याजवळ, काचेआड, एक कापड.
मेहिटेबल, वय वर्षं नऊ,
हिने निळ्या रेशमाने मुळाक्षरं भरलीत,
खाली एक घर, आणि घराएवढाच एक पोपट.
अक्षरं नीट वाचा.
आयनंतर थेट के.
तेव्हा जे वेगळा धरत नसत, फिच म्हणाला,
आयवरच भागवून घेत.

माझं नाव जेने सुरू होतं.
घरी म्हणायचे याद्विगा.
पहिलीत मिस प्रडन यांनी हजेरीवर बोट ठेवलं,
दोनदा प्रयत्न केला,
मग म्हणाल्या, आपण हिला हेडी म्हणू.
अजून माझ्या बिल्ल्यावर तेच आहे.
भागवून घेतलं.

त्या दोन अक्षरांच्या मधे
कापडावर सुईची चार भोकं आहेत. दोरा नाही.
काही घालायचं होतं आणि उसवलं, की मोजणी चुकली?
नऊ वर्षांच्या मुलीला एवढं विचारू नये.

वस्तूंवर श्वास सोडायचा नाही, असा नियम आहे.
पण काच म्हणजे काही वस्तू नव्हे.
मी जवळ जाते, हाः करते,
धुक्यावर बोटाने एक सरळ रेघ,
खाली डावीकडे वळण.
पोपट त्यातून क्षणभर हिरवा दिसतो.
मग फडकं घेते.

उद्या दहा वाजता शाळेची सहल आहे,
आणि पोरं सगळ्या काचांना नाकं लावतात.